आभाळातल्या रस्त्याचा हिशेब

कळसाडीच्या आभाळात विमानाची पांढरी रेघ उमटली की मुले वर्गाबाहेर धावतात. ते विमान मुंबईच्या नियंत्रण कक्षाच्या हद्दीत असते. या सेवेचे शुल्क कंपनी विमानाचे वजन व अंतर यांवरून भरते. ते जाते भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. १९९५ साली स्थापन झालेली हीच संस्था विमानतळही बांधते. इमारतींची उद्‌घाटने होतात. रडारसाठी फीत कोण कापणार?

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर दोन विमाने आदळून ३४९ माणसे मेली. एक विमान ठरलेल्या उंचीखाली उतरले होते. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसतच नव्हती!

त्याच वर्षी कॅनडाने ही सेवा ना-नफा संस्थेकडे सोपवली. आपल्याकडे ती अजून प्राधिकरणातच आहे. वेगळी केल्याने सारे आलबेल होईल असे नाही. पण शुल्काचा रुपया कुठे गेला, ते तरी दिसेल.