पाठमोरा नट

आमचा पुतण्या सोलापुरात 'घाशीराम कोतवाल'मध्ये काम करतोय म्हटल्यावर आम्ही मैंदर्गीच्या शाखेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एस.टी. पकडली. तिकीट काढलं तोंड बघायला, दिसली पाठ! या नाटकात ब्राह्मणांची रांग गाते, नाचते आणि मधूनच पाठ फिरवून भिंत होते. त्यात डावीकडून चौथी पाठ आमच्या घराण्याची.

"काका, कसं झालं काम?"

"पाठ उत्तम झाली."

पोरगा रुसला नाही. म्हणाला, "भिंतीआड काय चाललंय ते फक्त आम्हालाच दिसतं, काका. दिसतं, तरी हलायचं नाही. तेच अवघड जातं."

१६ डिसेंबर १९७२ला पुण्यात पहिला प्रयोग झाला तेव्हा नाना फडणवीस रंगवणारे मोहन आगाशे अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्यांची, तेंडुलकरांच्या लेखणीची, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाची वाहवा झाली, ती रास्तच. पण आमचं मत विचाराल तर नाटकातलं सगळ्यात भयंकर पात्र म्हणजे ती भिंत. एकटा नाना काय करणार हो? त्याला आडोसा देणारी, वर ताल धरणारी सभ्य माणसं लागतात.

सोमवारी टेबलावर कर्जाची एक फाइल आली. कागद अपुरे. "साहेबांचा माणूस आहे," शिपाई कुजबुजला. आम्ही सवयीने शिक्का उचलला, आणि काय सांगू, पाठीत सणकन कळ आली. डावीकडून चौथं टेबल आमचंच.