हलत्या भूमीवरचे हास्य

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसांच्या परस्परविरोधाचा विचार करताना भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस ठरवले आहेत. नाट्यगृहातील प्रेक्षकापुरती ही व्यवस्था सयुक्तिक आहे. एका भावावस्थेत स्थिरावलेल्या सहृदयाला दुसरी तिच्यातून उपटून काढते. भूकंपाविषयीच्या वाङ्मयाने मात्र या व्यवस्थेला अडचणीत आणले आहे. जमीन हलते तेव्हा भय आणि शोक ओघानेच येतात. परंतु जे वाचतात ते पुष्कळदा हसतातही, आणि ते हसणे पुढे शब्दांचे वा चित्रांचे रूप घेते. त्याला ‘ताण हलका करण्याचे साधन’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. फ्रॉइडने १९२७ च्या विनोदविषयक निबंधात दुःखाला शरण जाण्याचे नाकारणाऱ्या अहंचे जे विवेचन केले, त्याचेच हे सुलभीकरण. त्यातून हसणाऱ्याची मनःस्थिती कळते, हसण्याचा विषय कळत नाही. भूकंपानंतर कोण कशाला हसतो, हा प्रश्न तसाच राहतो.

मार्क ट्वेनच्या ‘रफिंग इट’ (१८७२) या पुस्तकातील भूकंपाचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ८ ऑक्टोबर १८६५ रोजी, रविवारी दुपारी, सॅन फ्रान्सिस्कोला धक्का बसला तेव्हा ट्वेन त्या शहरात होता. निवेदकाला प्रथम वाटते, की शेजारच्या लाकडी घरात मारामारी चालली आहे. मग तो स्वतःच भिंतीवर आदळतो, कोपर दुखावते, आणि काय घडते आहे हे कळताक्षणी बातमीदाराच्या सवयीने तो खिशातले घड्याळ काढून वेळ टिपतो. त्यानंतरच्या धक्क्याने समोरच्या चार मजली विटांच्या इमारतीचा दर्शनी भाग दारासारखा बाहेर उघडतो आणि रस्त्यावर कोसळतो. घड्याळाची ही कृती साधी दिसते, पण प्रकरणातील सर्व विनोद तिच्यावर तोललेला आहे. पुढे ज्यांची फजिती सांगायची, त्यांच्या रांगेत निवेदकाने आधी स्वतःला उभे केले आहे. मरण समोर असताना वेळेची नोंद करणारा माणूस हा अंगावरचे कपडे विसरून रस्त्यावर आलेल्या प्रतिष्ठितांपेक्षा कमी हास्यास्पद नाही.

अभिनवगुप्ताच्या मते अनौचित्य हेच हास्याचे कारण होय. ट्वेनचे धर्मोपदेशक या सूत्राचे चपखल उदाहरण ठरतात. त्यांतला एक भाविकांना जागेवरच बसून राहायला सांगतो, कारण मरायला देवघरापेक्षा चांगली जागा नाही. तिसऱ्या धक्क्यानंतर बाहेरची जागाही काही वाईट नाही असे ठरवून तो मागील दाराने निसटतो. येथे श्रद्धेची टवाळी नाही. पदाला साजेसे वागणे किती सेकंद टिकते, याचे ते मोजमाप आहे. भूकंपानंतरच्या काही दिवसांतच ट्वेनने भूकंपाचे एक पंचांगही रचले होते. त्यात हवामानाच्या भाकितांच्या थाटात येणाऱ्या धक्क्यांचे भविष्य होते. शास्त्राचा आव आणणाऱ्या घाबरट कुतूहलावर त्याचा रोख आहे.

तरीही या विनोदाची मर्यादा दृष्टीआड करता येत नाही. तो वस्त्रांचा आणि प्रतिष्ठेचा विनोद आहे. त्यात प्रेत नाही. सॅन फ्रान्सिस्कोची हानी तुलनेने मर्यादित होती, म्हणूनच हे प्रसन्न हसणे शक्य झाले. उलट, १ नोव्हेंबर १७५५ च्या लिस्बनच्या संहारावर ‘काँदीद’मध्ये (१७५९) व्होल्तेअर हसतो तेव्हा त्यात प्रेते भरपूर आहेत, पण व्होल्तेअर स्वतः त्या वेळी जिनिव्हाजवळ होता. त्याचे लक्ष्य भूकंप नसून भूकंपाचे समर्थन करणारे तत्त्वज्ञान आहे. ढिगाऱ्याखालून आलेले ते हास्य नव्हे.

तसे हास्य एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, मासाचित्रांत आढळते. ११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री तेथे झालेल्या भूकंपात आणि त्यामागोमाग लागलेल्या आगींत हजारो माणसे मेली. अवघ्या काही दिवसांत लाकडी ठशांवरून छापलेली स्वस्त चित्रे बाजारात आली. त्यांवर बहुधा चित्रकाराची सही नव्हती आणि परवानगीचा शिक्काही नव्हता. सुमारे दोन महिन्यांत सत्तेने ती बंद पाडली, तोवर त्यांचे शेकडो प्रकार निघाले होते. त्यांचा नायक नामाझू, म्हणजे जमिनीखालचा प्रचंड मिशाळ मासा. लोकसमजुतीप्रमाणे काशिमाचा देव त्याला शिळेखाली दाबून धरतो. परंतु जपानी पंचांगाच्या दहाव्या महिन्यात सारे देव इझुमोला जमतात, आणि भूकंप त्याच महिन्यात झाला. मागे राखणीला राहिलेल्या एबिसूला काही चित्रांत डुलकी लागली आहे. आपत्तीचे कारण शोधण्याची माणसाची धडपड येथे रजेवर गेलेला अधिकारी आणि झोपलेला पहारेकरी इतक्या घरगुती पातळीवर उतरते.

पण ही चित्रे देवांपाशी थांबत नाहीत. पुनर्बांधणीत सुतार, गवंडी आणि छपरे घालणारे यांची चांदी झाली. ते माशाबरोबर मेजवान्या झोडताना दिसतात. श्रीमंतांच्या पोटातून सोन्याची नाणी बाहेर पडतात आणि गरीब ती वेचतात. एका ठिकाणी तर पश्चात्तापदग्ध मासा स्वतःचे पोट फाडतो आणि आतून पैसाच निघतो. शोकाच्या सुतकात कोणी कोणाच्या जिवावर किती कमावले, याचा जाहीर हिशेब म्हणजे हे हास्य. ताण हलका करणे एवढेच त्याचे कार्य असते, तर सत्तेला त्याची धास्ती वाटण्याचे कारण नव्हते.

मराठी वाचकाला येथे अस्वस्थ वाटणे स्वाभाविक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्रीनंतर झोपी गेलेल्या किल्लारीच्या परिसरावर दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या; त्या स्मृतीजवळ हास्याचा उच्चारही अनुचित वाटतो. ही अस्वस्थता रास्त आहे, आणि तिला सौंदर्यशास्त्राने परस्पर उत्तर देऊ नये. मात्र अनौचित्य कोठे आहे याची शहानिशा एदोच्या चित्रांच्या आधारे करता येते. त्या चित्रांत मेलेल्यांना कोणी हसत नाही. हसण्याचा रोख जिवंतांच्या नफ्यातोट्यावर आहे, आणि ते हसणे स्वतःची घरे गमावलेल्या शहरात विकत घेतले गेले. परगावाहून असे चित्र पाठवले गेले असते तर ते क्रूर ठरले असते. लिहिणारा कोठे उभा आहे, यावर या विनोदाची नैतिकता अवलंबून असते; ट्वेनचे दुखावलेले कोपर म्हणूनच बिनमहत्त्वाचे नाही.

योशिवारा ही एदोतील गणिकांची वस्ती भूकंपात आणि आगीत उद्ध्वस्त झाली होती. तिच्यावरील एका चित्रात तेथील स्त्रिया चिडून माशाला यथेच्छ बडवत आहेत. चित्रातील क्रोध खरा आहे, मारही खरा आहे, आणि मासा केविलवाणा दिसतो. हे सारे पाहून झाल्यावर नजर वरच्या डाव्या कोपऱ्याकडे जाते. तेथून बांधकामाचे कारागीर धावत येत आहेत, माशाला वाचवायला.