टरफलांची गोष्ट आणि न बोलणारी मुले

लोकमान्य टिळकांच्या बालपणीची शेंगांच्या टरफलांची गोष्ट ठाऊक नाही, असा मराठी माणूस विरळाच. दरवर्षी १ ऑगस्टला, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला, शाळाशाळांतून एखादा विद्यार्थी ती पाठ करून सांगतो आणि टाळ्या घेतो. वर्गात टरफले पडलेली असतात. गुरुजी विचारतात, कोणीच बोलत नाही. मग गुरुजी साऱ्या वर्गाला शिक्षा फर्मावतात. बाळ तेवढा उभा राहतो आणि ठामपणे सांगतो की, आपण शेंगा खाल्लेल्या नाहीत, सबब टरफले उचलणार नाही. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. कोणाच्या कथनात छडी येते, कोणाच्या कथनात बाळ दप्तर उचलून घरी जातो. गाभा मात्र सर्वत्र तोच असतो.

ही गोष्ट आम्हीही आदराने ऐकत आलो आहोत. तरीही कथेची समीक्षा करताना जी पात्रे बोलतात त्यांच्याइतकेच न बोलणाऱ्या पात्रांकडेही पाहावे लागते. आपण सारे आजवर एकाच बाकाकडे पाहत राहिलो. ज्यांनी शेंगा खाल्ल्या ती मुलेही त्याच वर्गात बसली होती. बाळने आपल्या वाट्याचे सत्य सांगितले. परंतु त्या वर्गातील दुसरे सत्य, ‘शेंगा आम्ही खाल्ल्या’ हे सत्य, शेवटपर्यंत उच्चारले गेले नाही. निर्दोष मुलाचा बाणेदारपणा आपण गौरवितो, हे योग्यच आहे. पण दोषी मुलांची वाचा का बसली, हा प्रश्न आपण कधी विचारीत नाही. गोष्टीतच त्याचे उत्तर आहे. खरे सांगणाऱ्याला आणि लपविणाऱ्याला तेथे शिक्षा एकच होती. मग खरे सांगावे कशासाठी?

हा प्रश्न आज नव्याने विचारावासा वाटतो, त्याला कारण आहे. ‘झिरो टॉलरन्स’ हा शब्द आता शाळांच्या सूचनाफलकांवर आणि विद्यार्थ्यांच्या डायऱ्यांतही येऊन पोहोचला आहे. गुन्हा लहान असो वा मोठा, हेतू कोणताही असो, परिस्थिती कशीही असो, नियम मोडला की ठरलेली शिक्षा होणारच, असा त्याचा अर्थ. शालेय शिस्तीत हे धोरण प्रामुख्याने अमेरिकेतून रुजले. १९९४ साली तेथे झालेल्या कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेबाहेर ठेवण्याची सक्ती केली. बंदुकीविषयी कठोर व्हावे, यात गैर काहीच नाही. परंतु तोच न्याय पुढे किरकोळ वस्तूंना आणि किरकोळ आगळिकींनाही लागू होत गेला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने नेमलेल्या अभ्यासगटाने २००८ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. अशा धोरणामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही.

आपल्याकडे हे कसे घडते, त्याचे एक साधे उदाहरण. आमच्या परिचयाच्या एका शाळेत मोबाइल आणण्यास मनाई आहे आणि आणल्यास दहा दिवस शाळेत येण्यास बंदी, असा छापील नियम आहे. नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात घरातला मोबाइल चुकून राहिला. पहिल्या तासाला ते लक्षात येताच त्याने तो स्वतः नेऊन बाईंच्या हाती दिला. बाईंना वाईट वाटले. पण नियमात ‘स्वतः आणून दिल्यास’ असा शब्द नव्हता. मुलाला दहा दिवस घरी बसावे लागले. त्या दिवशी वर्गातील उरलेल्या मुलांनी जो धडा घेतला, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. मोबाइल आणू नये, हा तो धडा नव्हता. सापडला तरी आपण होऊन सांगू नये, हा होता.

आपल्या साहित्यात या विषयाचे मर्म सांगणारा एक ग्रंथ आहे. तो मूळचा गुजराती, पण मराठी घरांतूनही वाचला गेलेला. महात्मा गांधींची आत्मकथा १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच्या भागातील तीन प्रसंग एकत्र ठेवून वाचावेत, अशी आमची वाचकांना विनंती आहे.

पहिला प्रसंग राजकोटच्या हायस्कुलातला. जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आलेले. त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. ‘केटल’ या शब्दाचे स्पेलिंग मोहनदासाने चुकविले. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावून शेजारच्याच्या पाटीवरचे पाहण्यास सुचविले. मुलाला ते कळलेच नाही. शिक्षक तर नक्कल होऊ नये म्हणून उभे आहेत, असेच तो समजत होता. हा प्रसंग आपण बाल मोहनदासाच्या सरळपणाचा दाखला म्हणून वाचतो. पण येथे खोटेपणाकडे कोण वळले, ते पाहावे. वळले ते शिक्षक, आणि तेही साहेबांपुढे वर्ग उणा दिसू नये म्हणून.

दुसरा प्रसंग दंडाचा. दोराबजी गिमी हे मुख्याध्यापक शिस्तीचे भोक्ते, पण विद्यार्थिप्रिय आणि चांगले शिक्षक होते, असे गांधीजी स्वतःच नमूद करतात. त्यांनी वरच्या वर्गांना व्यायाम सक्तीचा केला होता. एका शनिवारी शाळा सकाळची होती आणि व्यायामाला चार वाजता पुन्हा जावयाचे होते. घरी घड्याळ नव्हते. आभाळ भरून आल्याने वेळ कळली नाही. मुलगा पोहोचला तेव्हा सारे निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्याने घडले ते सांगितले. मुख्याध्यापकांनी विश्वास ठेवला नाही आणि एकदोन आणे दंड केला. रक्कम क्षुल्लक होती. मुलगा रडला तो आपण खोटे ठरलो म्हणून. पुढे तो दंड माफ करून घेता आल्याचे गांधीजींना अंधूक स्मरते. पण ती वेदना उतारवयापर्यंत विसरली गेली नाही, हे त्या पानावर स्पष्ट दिसते.

तिसरा प्रसंग सर्वांत गंभीर. पंधराव्या वर्षी मोहनदासाने भावाच्या सोन्याच्या कड्यातील तुकडा चोरला. मन खाऊ लागले, तेव्हा त्याने एका चिठ्ठीवर कबुली लिहिली, योग्य ती शिक्षा मागितली आणि ती आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले. मग त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली.

या तिन्ही प्रसंगांतून एक गोष्ट ठळकपणे समोर येते. मोहनदासाच्या हातून खरा गुन्हा घडला तो तिसऱ्याच प्रसंगात, आणि नेमकी तेथेच शिक्षा झाली नाही. तरीही त्याला घडविले ते त्या प्रसंगाने. गिमीसाहेब वाईट नव्हते. त्यांच्या हाती हजेरीपट होता आणि हजेरीपटाला आभाळ दिसत नाही. वडिलांनी मात्र आधी मुलाचे म्हणणे पूर्ण वाचले. शिस्त आणि दया यांच्यात येथे विरोध नाही. ऐकून घेणे आणि न ऐकता निकाल देणे, यांत तो आहे.

याला आता शास्त्रीय निरीक्षणाचाही आधार मिळाला आहे. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी २०११ साली पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांमधील तीन-चार वर्षांच्या बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत लहानसहान चुकांसाठीही मारीत. दुसरीत रागावून वा वेगळे बसवून भागे. खेळणे चोरून पाहण्याचा मोह दोन्हीकडील मुलांना झाला. पण मार खाणाऱ्या शाळेतील मुले अधिक प्रमाणात खोटे बोलली, आणि पुढच्या प्रश्नांना ते खोटे अधिक सफाईने टिकवून धरू शकली. छडीने त्यांना मोहापासून वाचविले नाही. खोट्यात मात्र तरबेज केले.

याच संशोधकांचा सहकाऱ्यांसमवेत २०१४ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग साहित्याच्या वाचकाला अधिक मोलाचा वाटेल. तीन ते सात वर्षांच्या मुलांना निरनिराळ्या बोधकथा वाचून दाखविल्या. ‘लांडगा आला रे आला’ म्हणणारा मुलगा शेवटी संकटात सापडतो. पिनोकिओचे नाक खोटे बोलताच वाढते. या कथांनी मुलांच्या खरेपणात फरक पडला नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचे झाड तोडल्याची कबुली दिली आणि वडिलांनी त्याचे कौतुक केले, या कथेने मात्र पडला. त्याच कथेचा शेवट बदलून दुष्परिणामाचा केला, तेव्हा तिचाही प्रभाव नाहीसा झाला. वॉशिंग्टनची ही कथा त्याच्या एका चरित्रकाराने रचलेली आहे, हा त्यातला गमतीचा भाग. पण तिच्यातील बाप खरा असावा, असे प्रत्येक मुलाला वाटते, हेच तिचे बळ होय.

आता आपल्या राज्याकडे वळू. दहावी-बारावीच्या परीक्षांतील कॉपी हा महाराष्ट्राचा जुना रोग. तो रोखण्यासाठी १९८२ चा कायदा आहे. २०१० च्या सुमारास नांदेड जिल्ह्यात कॉपीमुक्तीची मोहीम झाली आणि पुढे राज्यभर तिचे अनुकरण झाले. २०२५ च्या परीक्षांच्या वेळी तर ज्या केंद्रावर गैरप्रकार आढळतील त्या केंद्राची मान्यता कायमची रद्द करण्याचा इशारा देण्यात आला. नागपूर विभागीय मंडळाखाली परीक्षा देणारी आमच्या कळमेश्वर तालुक्यातील मुलेही याच व्यवस्थेतून जातात.

या कडकपणावर आम्ही सरसकट टीका करणार नाही. कॉपी हा गरिबाच्या मुलावर होणारा अन्याय आहे. संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या बापाची मुलगी रात्री जागून अभ्यास करते आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा खिडकीतून आलेल्या चिठ्ठीवर तिच्यापुढे जातो, तेव्हा दया कोणावर करावयाची? भरारी पथक हवे, बैठे पथक हवे, पर्यवेक्षक जागरूक हवा. पहारा चोख असला की मोह कमी होतो, आणि मोह कमी करणे हीदेखील दयाच आहे.

परंतु पहारा वेगळा आणि निर्दय शिक्षा वेगळी. एका प्रकारासाठी संपूर्ण केंद्राची मान्यता जाणार असेल, तर तो प्रकार पाहणारा पर्यवेक्षक काय करील? प्रामाणिक असेल तर कळवील. पण त्याच्या एका कागदाने शेकडो मुलांचे केंद्र जाणार, सहकारी त्याला बोल लावणार, संस्थाचालक नाराज होणार. राजकोटच्या त्या शिक्षकांच्या बुटाचे टोक येथे आठवते. वरून येणारी भीती जितकी मोठी, तितका खालून झाकण्याचा प्रयत्न मोठा. सत्य सांगणाऱ्यालाच सर्वांत महाग पडेल, अशी व्यवस्था आपण सत्याच्या नावाने उभी करीत तर नाही ना, हे तपासावयास हवे.

२०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली आहे. कायद्याने छडी गेली, हे चांगले झाले. पण न विचारता, न ऐकता सर्वांना एकच माप लावण्याची छडीची रीत छापील नियमांत शिल्लक राहिली, तर बदलले काय?

आपल्या ख्रिस्ती परंपरेला हा प्रश्न नवा नाही. संत ऑगस्टीन आपल्या ‘कबुलीजबाबा’त सांगतात की, शाळेत मार बसू नये म्हणून आपण लहानपणी देवाची करुणा भाकीत होतो, आणि खेळाच्या वेडापायी शिक्षकांना व आईवडिलांना असंख्य थापा मारीत होतो, हेही ते त्याच भागात लिहितात. मार आणि थापा एकाच बालपणात सुखाने नांदल्या. संत जॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धती लिहून काढली. मूल चुकण्याआधी त्याच्याजवळ असावे, चुकल्यावर काठी घेऊन धावू नये, हे तिचे सार. आणि शुभवर्तमानातील जक्कय आठवावा. प्रभू येशू आधी त्याच्या घरी उतरला. मग जक्कयाने उभे राहून, फसवून घेतलेले चौपट परत करीन, असे सांगितले. हा क्रम महत्त्वाचा आहे. येथे दया स्वस्त नाही, चौपट भरपाई आहेच; पण ती कबुलीनंतर, आणि कबुली देणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडून आलेली आहे. पापनिवेदनातही प्रायश्चित्त असते, झालेली हानी भरून देणे असते. मात्र तेथे खरे सांगितल्यामुळे कोणाचा नाश होत नाही, याची खात्री असते. म्हणून तेथे माणूस बोलतो.

यावरून शाळांसाठी फार अवघड नसलेली एक वाट दिसते. नियम असावेत आणि ते सर्वांना सारखे असावेत. पण शिक्षेपूर्वी मुलाचे म्हणणे ऐकण्याची एक पायरी त्यांत असावी. आपण होऊन सांगणारा आणि पकडला गेलेला, यांत भेद करणारे एक वाक्य प्रत्येक नियमाखाली छापावे. शिक्षा भरपाईच्या स्वरूपाची असावी. मोडलेले दुरुस्त करावे, चोरलेले परत द्यावे, नक्कल केलेला पेपर पुन्हा लिहावा. पालकांनीही घरी एवढे पाहावे की, गुणपत्रिका दाखविताना मुलाचा हात कापतो का. कापत असेल, तर पुढच्या वेळी ती गुणपत्रिका दप्तरातच राहील.

बाळ गंगाधर टिळकांनी पुढे १८८० साली चिपळूणकर आणि नामजोशी यांच्यासमवेत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली. टरफलांचा तो मुलगा स्वतः शिक्षक झाला, हे त्याची गोष्ट सांगताना आपण सहसा विसरतो. येत्या १ ऑगस्टला एखाद्या शिक्षकाने गोष्ट सांगून झाल्यावर वर्गाला एवढेच विचारावे: शेंगा खाणारा मुलगा तुम्ही असता, तर गुरुजींनी काय केले असते म्हणजे तुम्ही उभे राहिला असता? मुलांची उत्तरे शांतपणे ऐकावीत, आणि शाळेची नियमावली पुढच्या वर्षी छापताना ती उत्तरे जवळ ठेवावीत.