गमावण्याचा हक्क कोणाला?

एस्किरोल या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने १८३८ साली मनोविकारांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दोन माणसांमध्ये एक रेघ ओढली. स्मृतिभ्रंश झालेला माणूस म्हणजे पूर्वीचा श्रीमंत, आता कंगाल झालेला. जन्मापासून ज्याची बुद्धी अपुरी, तो मात्र कायमचाच दरिद्री. दोन वेगळ्या अवस्था त्याने वेगळ्या करून दाखवल्या, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण उपमा त्याने कोठून उचलली ते पाहा. मालमत्तेतून! सावकाराचे दिवाळे निघाले की सारा गाव हळहळतो; गावकुसाबाहेरच्या बाईची चार मडकी फुटली तर ती कोणाच्या खिजगणतीत नसते. आमच्या वाचकाला हा न्याय नवा नाही.

जो मुळातच दरिद्री ठरला, तो गमावणार काय? हा प्रश्न त्या उपमेच्या पोटात दडलेला आहे आणि दवाखान्यात तो आजही जिवंत आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. अल्झायमरच्या आजारात मेंदूत जे प्रथिन साचते, त्याच्या निर्मितीचे जनुक याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशी गाठेपर्यंत यांपैकी जवळजवळ सर्वांच्या मेंदूत त्या आजाराच्या खुणा दिसू लागतात, आणि पन्नाशीत पुष्कळांना प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश जडतो. पूर्वी हे फारसे दिसत नव्हते, कारण माणसे तेवढी जगतच नव्हती. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास त्यांचे सरासरी आयुष्य २५ वर्षांचे होते. आज ते ६० च्या आसपास आहे. आयुष्य वाढले, भाषा मात्र तेथेच राहिली.

आमच्या मराठीचेच घ्या. 'मतिमंद मुले' असा जोडशब्द आपल्या जिभेवर बसला आहे. शाळांच्या पाट्यांवर तो, देणगीच्या पावत्यांवर तो. त्यातला 'मतिमंद' अलीकडे सरकारी कागदावरून निघाला. २०१६ च्या कायद्याने 'बौद्धिक अक्षमता' आणली. 'मुले' मात्र चिकटूनच आहेत. पन्नास वर्षांचा, डोक्याचे केस पिकलेला माणूसही 'मुलगा'च. 'मानसिक वय पाच वर्षे' हे तर शास्त्राच्या आवाजात सांगितले जाते. मग ज्याला मूलच मानले, त्याला म्हातारपणाचा आजार होईल हे ऐकणाऱ्याच्या मनात येणार कसे? तो रस्ता चुकला, पँट कशी चढवायची ते विसरला, जेवताना मध्येच थांबून बसला, तर उत्तर तयार असते : हा असाच आहे. हट्ट करतो. लाड झालेत. स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली या प्रकाराला एक नाव दिले. एका निदानाची सावली दुसऱ्यावर पडते आणि दुसरे दिसेनासे होते, असा त्याचा आशय. ज्या समाजात सावलीचाही विटाळ मानला गेला, तेथे हा शब्द जरा अधिकच टोचतो.

'स्मृतिभ्रंश' हाही काही निष्पाप शब्द नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो तो विषयासक्ती आणि क्रोध यांच्या पोटी झालेले पतन म्हणून. ज्या धातूपासून 'भ्रंश', त्याच धातूपासून 'भ्रष्ट'. आणि पंडितांनी लोकांच्या बोलीला दिलेले 'अपभ्रंश' हे नावही तेथलेच. आजारी माणसावर आपण नकळत पतनाचा ठपका ठेवतो. जपानने २००४ साली आपल्या भाषेतला मूर्खपणाचा वास येणारा जुना शब्द टाकून आकलनाशी संबंधित नवा शब्द घेतला. मंगोलियाने तक्रार केल्यावर १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'मंगोल' हा शब्द सोडला. १८६६ साली डाउन यांनी रुग्णांची वंशावार वर्गवारी करताना तो रूढ केला होता. म्हणजे एका राष्ट्राला बोलावे लागले. ज्यांना तो शब्द चिकटवला होता, त्यांच्या बोलण्याची वाट कोणी पाहिली नाही.

आणि 'दिव्यांग'? 'हरिजन' नाकारलेल्या समाजाला याविषयी अधिक सांगायला नको. मात्र आमच्याच मोर्च्यांत 'मतिमंद सरकार' अशी घोषणा जोरात उठते, तेव्हा विद्रोहाच्या तोंडी कोणाचे हत्यार आहे तेही पाहावे.

नुसते शब्द बदलून भागेल, असा याचा अर्थ नाही. स्मृती तपासण्याची जगभर चालणारी ३० गुणांची चाचणी १९७५ सालची. तीत तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, वाक्य लिहायला सांगतात. ज्याला शाळेने कधी आत घेतलेच नाही, तो यात नापासच होणार. हरियाणातल्या बल्लभगढ भागात निरक्षर म्हाताऱ्यांसाठी या चाचणीचे हिंदी रूप तयार करण्यात आले, ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. यावरून एवढे कळते की दोष माणसात आहे की प्रश्नपत्रिकेत, हे शोधता येते. शोधायची इच्छा हवी.

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाची तुलना इतरांशी करून काही हाती लागत नाही. त्याची तुलना त्याच्याच कालच्या रूपाशी करावी लागते. म्हणून तिशी-पस्तिशीतच, सारे ठीक असताना, त्याला काय काय येते ते लिहून ठेवावे असे जाणकार सांगतात. हे लिहायला पदवी लागत नाही. 'चहात साखर स्वतः घालायचा.' 'शेजारच्या सगळ्या पोरांची नावे माहीत होती.' 'आधी स्वतःच्या चपला ओळखायचा, आता भावाच्या घालून जातो.' ही वाक्ये आई बोलते, बहीण बोलते, वसतिगृहातली स्वयंपाकीणबाई बोलते. एस्किरोलने ज्याला कायमचा दरिद्री म्हटले, त्याच्या मालमत्तेची यादी याच वाक्यांत आहे. केसपेपरावर मात्र ती येत नाहीत. तेथे अक्षमतेचे टक्के येतात, आणि पुढे 'वर्तनसमस्या' असा शेरा पडतो. शेरा पडला की झोपेची गोळी. थायरॉइड कमी झाले आहे का, कान मंदावले का, दाढ दुखते का, मनाला काही लागले का, यांतले बरेच काही उपचाराने सुधारते. पण ते विचारण्याआधीच कागद मिटलेला असतो. बहीण मात्र दारात उभी राहून सांगतच असते की हा पूर्वी असा नव्हता.