मेलेला परत येत नाही, मग भीती कशाची?

आपल्या अकीद्याप्रमाणे मेलेला माणूस परत येत नाही. रूह बरजखमध्ये जाते आणि कयामतपर्यंत तिथेच राहते. जिन्न आपण मानतो, कुरआनातील 72वी सूरह त्यांच्याच नावाची आहे; पण जिन्न म्हणजे मेलेल्याचे भूत नव्हे. ती वेगळी मखलूक आहे आणि तिच्यातही भले-बुरे असतात. हे मी वर्गातल्या मुलांना अनेकदा समजावून सांगितले आहे. पावसाळ्यात वीज गेली, वर्गात अंधार झाला की मुले हाच विषय काढतात.

तरीही भुताचा एखादा सिनेमा पाहिला की रात्री वजूसाठी मोरीत जाताना मी आधी हात आत घालून दिवा लावते आणि मगच पाऊल टाकते. सगळ्याच सिनेमांनी असे होत नाही. काही सिनेमे पाहताना मी भाजी निवडत बसते. अकीदा तोच, मोरीही तीच, मग हा फरक कुठून येतो?

लहानपणी आमच्याकडे केबलवाला रात्री उशिरा रामसे बंधूंचे सिनेमे लावत असे. फत्तेचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि पुढे त्यांच्या मुलांनी सिनेमाची कामे आपसात वाटून घेतली. 1972 साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. उर्दू शिकलेल्या माणसाला या नावातच बहादूरशहा जफर आठवतो आणि मायभूमीत दफन न मिळालेल्या त्या बादशहाचे दुःख इथे कोणाच्या कामी आले, असे वाटून किंचित हसूही येते.

रामसेंचा सर्वात गाजलेला सिनेमा ‘पुराना मंदिर’, 1984चा. सामरी नावाचा सैतान मरताना शाप देतो की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. जरा थांबून या शापाकडे पाहा. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर भर पावसात गरोदर बाईला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो ऐकून काटा आलाच पाहिजे. बाळंतपणाची भीती धर्म विचारत नाही. दिग्दर्शकाच्या हातात एवढी मोठी गोष्ट होती. पण पुढे काय होते? मारामाऱ्या होतात, गाणी होतात, जगदीपचा मच्छरसिंग येऊन ‘शोले’ची नक्कल करतो. अनिरुद्ध अग्रवालचा धिप्पाड सामरी धडधडीत समोर येऊन उभा राहतो आणि शेवटी त्रिशूळ त्याचा बंदोबस्त करते. शाप कुठल्या कुठे जातो. आम्ही भावंडे दचकायचो ते संगीताच्या दणक्याने. दचकणे म्हणजे भिणे नव्हे. दार आपटले तरी माणूस दचकतो, म्हणून दाराची कोणी भीती बाळगत नाही.

त्रिशुळाविषयी माझी तक्रार धर्माची नाही. त्रिशुळाच्या जागी क्रॉस आला, तावीज आला, तरी माझे म्हणणे तेच राहील. 2008च्या ‘1920’मध्ये हनुमान चालीसा संकट निवारते. इतर कित्येक सिनेमांत हिरवी चादर पांघरलेले बाबा लोबानच्या धुरातून येतात, काही पुटपुटतात आणि पाणी फुंकून देतात. आपल्या समाजातला माणूस भयपटात बहुधा याच एका कामासाठी बोलावला जातो, हे मनाला लागते ते वेगळेच. पण कलेच्या हिशेबानेही हा घाट्याचा व्यवहार आहे. असा सिनेमा प्रेक्षकाकडे भीती मागतच नाही, विश्वास मागतो. ज्याचा त्या उपायावर विश्वास आहे तो निश्चिंत, कारण औषध घरातच आहे. ज्याचा नाही तो पाहुण्यासारखा बाजूला बसून राहतो. खरे भ्यायचे कोणी?

रामगोपाल वर्मांच्या 2003च्या ‘भूत’मध्येही शेवटी मांत्रिक बाई येतेच, पण तोवर मुंबईतला एक साधा फ्लॅट आणि त्याची लिफ्ट यांनीच आपले काम केलेले असते. जाता जाता एक नोंद करते. त्यात नाना पाटेकर यांचा इन्स्पेक्टर लियाकत कुरेशी आहे आणि तो फक्त पोलीस आहे. नावावरून त्याच्या हाती लोबान दिलेला नाही. हेही थोडे नव्हे.

त्याहून मागे जायचे तर कमाल अमरोहींचा ‘महल’, 1949चा. दूरवरून येणारा गाण्याचा आवाज, हलता झोपाळा आणि त्या आवाजामागे चालत जाणारा अशोककुमार. शेवटी कळते की भूत नव्हतेच, माळ्याची मुलगी होती. भूतच नाही म्हटल्यावर मागची भीती खोटी ठरायला हवी. ती ठरत नाही. उलट, त्या माणसाने स्वतःचे आणि आपल्या बायकोचे जे करून घेतले त्याने जीव अधिक गुदमरतो. तिथे अकीद्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता ज्या सिनेमाने मला हे सगळे लिहायला बसवले त्याच्याकडे येते. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ 2017 साली आला. चार वर्षांनी त्यांनीच तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा केला, पण मूळ मराठीच सरस. शहरातले एक जोडपे देणेकऱ्यांच्या भीतीने पळून उसाच्या शेतातल्या एका घरात आसरा घेते. नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गरोदर आहे. घरात तुळसाबाई आहे, उषा नाईक यांनी केलेली. बाहेर फक्त ऊस आणि त्यात कुठे तरी लपाछपी खेळणाऱ्या मुलांचे आवाज.

मी हा सिनेमा मोबाइलवर पाहिला, सातव्या महिन्यात, पलंगावर पडून. आमच्या गावाच्या नावात साखर आहे, पण ऊस औषधालाही नाही. इथे भात, नाचणी, वरई. उसाचे शेत मी एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेले. तरी त्या उसाने मला घेरले. हात-दोन हातांवर उभा असलेला माणूस त्यात दिसत नाही, फक्त पाने हलतात. आणि हे बरेचसे लख्ख उन्हात घडते. अंधार म्हणजेच भीती, हा आपल्याकडचा जुना हिशेब या सिनेमाने मोडला. अंधारात निदान दिवा लावायची सोय असते, उन्हाला काय करणार?

पण खरी भीती उसात नाही, तुळसाबाईच्या मायेत आहे. ती नेहाला खाऊ घालते, जपते, पोटाकडे पाहून हसते. पहिलटकरणीला जे हवे असते ते सगळे ती देते आणि त्यातच कुठे तरी एक धागा उसवलेला असतो. उषा नाईक आवाज चढवत नाहीत. त्यांचे हसू एक क्षण जास्त टिकते, इतकेच.

मी नेमके हे पाहत असताना आमच्या अम्मी, म्हणजे सासूबाई, हळदीचे दूध घेऊन आल्या. “पी बेटा, थंड होईल,” म्हणाल्या. लग्नाला चार वर्षे झालेली, अम्मींनी मला कधी उणा शब्द बोललेला नाही. आणि तरी मला तो पेला हातात घेववेना. मी काहीतरी बोलून टाळले. अम्मींनी मोबाइलकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पेल्यातला एक घोट स्वतः घेतला आणि पेला माझ्यासमोर ठेवला. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला इतकी शरम वाटली की सिनेमा तिथेच बंद केला. राहिलेला दुसऱ्या दिवशी अम्मींबरोबर बसून पाहिला.

हा उत्तरार्ध मात्र उतरतो. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय पुढे आला की सिनेमा दाखवायचे सोडून सांगायला लागतो. विषय खोटा नाही आणि मराठी सिनेमात तो असा आणणे धाडसाचेच. पण ज्या बाईचे भूत आपल्याला भिववत होते तिची हकीकत कळली की तिची दया येते, आणि दया आली की भीती उठून जाते. अम्मी म्हणाल्या, “आता ती बिचारी रडतेय. तिला काय घाबरायचं?” आणि नमाजला उठल्या.

त्या बोलण्यात मला एक गोष्ट जमेची वाटते. आमच्या भागात आजही एखाद्या म्हाताऱ्या, एकट्या बाईकडे भुताळी म्हणून बोट दाखवले जाते. असल्या आरोपांनी बायांना मारहाण झाली आहे, जीव गेले आहेत. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी बोट दाखवणारे हात कमी झाले म्हणवत नाही. चेटकीण खरीच असते असे दाखवून पैसे कमावणारा सिनेमा मला म्हणूनच नुसता फसलेला वाटत नाही, बेजबाबदार वाटतो. ‘लपाछपी’ शेवटी जिवंत माणसांकडे बोट दाखवतो, मेलेल्या बाईकडे नाही. कलेत तो तिथे घसरतो, पण कोणा म्हातारीच्या दारात दगड नेऊन टाकत नाही.

भीतीची आमच्या भागाची स्वतःची एक रीत आहे. होळीनंतरच्या दिवसांत जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. रात्र रात्र संबळ-पिपाणीच्या तालावर देवांची नि राक्षसांची सोंगे मुखवटे घालून नाचतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मुलांची गंमत पाहत होते. सोंग कोणाच्या घरचे, आत कोण आहे, हे त्यांना पक्के ठाऊक. तरी लांबून संबळ वाजायला लागली की ती एकमेकांना बिलगत. मुखवटा समोर आला की हसत पळत सुटत. वाट पाहण्यात भीती, दिसण्यात मजा. सामरीला पहिल्या अर्ध्या तासात समोर उभे करणाऱ्यांनी एकदा बोहाडा पाहायला हवा होता.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’लाही (2018) हा नियम लागू पडतो, पण अर्धाच. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देणारे, प्रेरणा नारायण धारपांची, वातावरण अस्सल कोकणी, भाषा मात्र हिंदी. किती तरी पावसाळे थांबून खऱ्या पावसात केलेले चित्रीकरण. साखळदंडात बांधलेली ती म्हातारी दिसण्याआधी तिच्यासाठी नेले जाणारे अन्न दिसते, आणि तेवढ्याने पोटात गोळा येतो. हस्तर स्वतः मात्र लालबुंद आणि पूर्ण दिसतो, शेवटी तर अनेक हस्तर येतात. मला तेव्हा भीती वाटली नाही, मी मोजत बसले.

माझे हे मत मी अलीकडे थोडे बदलले आहे. ‘तुंबाड’ आमच्या घरी टीव्हीवर चालू होता. शेजारच्या कोकणा आजी अम्मींशी बोलायला आल्या होत्या, त्याही बसल्या. बोहाड्यात राक्षसाच्या सोंगाला नावाने हाका मारून हसणाऱ्या या आजी. 1992 साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीकडे कुपोषणाने शंभराहून अधिक मुले दगावली. तेव्हा त्या इथेच होत्या, लेकुरवाळ्या. सिनेमात हस्तरची गोष्ट आली. त्याला सोने मिळाले पण धान्य कधीच मिळणार नाही, म्हणून तो जन्मभराचा भुकेला. मग विनायक दोरावरून खाली उतरतो, जमिनीवर पिठाचे रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे करतो आणि हस्तर तिच्यावर तुटून पडतो. आमची मुलगी किंचाळून माझ्या कुशीत शिरली. आजी हसतील म्हणून मी वळून पाहिले. त्या हस्तरकडे पाहतच नव्हत्या. जमिनीवर सांडलेल्या पिठाकडे पाहत होत्या.

“बंद कर बाय,” त्या म्हणाल्या. “नाही बघवत.”