शब्दखेळांची मिरास

गेम इंजिनांनी खेळ घडवण्याचा अधिकार सामान्य माणसाच्या स्वाधीन केला, हे विधान अलीकडे इतक्या निःशंकपणे केले जाते, की त्याची छाननी करावी असे कोणास वाटेनासे झाले आहे. त्याचा मला जो उद्वेग होतो तो शिगेला पोचतो तो त्याच्या समर्थनार्थ ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) पुढे केला जातो तेव्हा. युनिटी या इंजिनात घडवलेल्या या कृतीची रंगचित्रे देखणी आहेत, याविषयी तक्रार नाही. परंतु रसिकांच्या स्मरणात जे राहिले ते तिचे सुमारे दहा लाख शब्दांचे गद्य, आणि त्या गद्यात नायकाच्या मस्तकातील तर्क, सहानुभूती, अधिकार वगैरे वृत्तींनी परस्परांशी घातलेली हुज्जत. ‘८० डेज’ची (२०१४) गोष्ट निराळी नाही. तिच्या लेखकांनी आपला पृथ्वीप्रवास ‘इंक’ या स्वतः घडवलेल्या लेखनभाषेत लिहिला, आणि इंजिनाकडे राहिले ते पडद्यावर मांडणी करण्याचे काम. ज्या कृतींच्या बळावर इंजिनांचा गौरव चालला आहे त्यांतील उत्तमांश वाक्यांनी कमावलेला असावा, आणि तरीही वाक्ये घडवणाऱ्या साधनांना पुराणवस्तुसंग्रहालयाचा रस्ता दाखवला जावा, हा न्याय कोणत्या दरबारचा?

अनरियलविषयी एवढेच म्हणतो, की पावसाने ओला झालेला दगड त्याच्याइतका कोणी रंगवत नाही. पुण्यात घडलेला ‘राजी’ (२०२०) याच इंजिनावर उभा आहे. त्यातील वास्तू आणि भित्तिचित्रे मनोहर आहेत, संवाद मात्र त्या तोलाचे नाहीत. गोडॉट हे इंजिन मुक्त आहे, सज्जन आहे आणि आपल्या विषयाच्या बाहेर आहे. टॅड्स या शब्दखेळांच्या साधनाचे एक लहान व निष्ठावंत मंडळ आहे. त्याच्या निष्ठेला नमस्कार. क्रिस क्लीमसच्या ट्वाइनने (२००९) संगणकलेखनाचा गंध नसलेल्यांनाही लिहिते केले आणि ‘हाऊलिंग डॉग्ज’सारखी (२०१२) विलक्षण रचना दिली, हे ऋण मान्य करावेच लागेल, पण दुव्यावर बोट ठेवून पुढच्या पानावर जाणे म्हणजे जगात वावरणे नव्हे.

जगात वावरणे म्हणजे काय, ते पाहायचे असेल तर ग्रॅहॅम नेल्सनच्या ‘इन्फॉर्म’कडे वळावे. गणितज्ञ आणि कवी असलेल्या या इंग्रज गृहस्थाने, शब्दखेळ रचणारी मूळ इन्फोकॉम कंपनी १९८९ साली बंद पडल्यावर, तिच्या कथा ज्या कल्पित यंत्रावर चालत त्याच झेड-मशीनसाठी १९९३ मध्ये नवे साधन रचले, आणि २००६ साली सातव्या आवृत्तीत त्याचा असा कायापालट केला, की लेखकाने साध्या इंग्रजीत ‘दिवा स्वयंपाकघरात आहे’, ‘तळघर अंधारे आहे’ असे लिहिले की दिवा, खोली आणि अंधार ही तिन्ही अस्तित्वात यावीत. पेटीत काय मावते, कुलूप कोणत्या किल्लीने उघडते, दिवा बाहेर ठेवून तळघरात उतरल्यास काय दिसेनासे होते, हा सारा कारभार साधन स्वतः सांभाळते; लेखकाने लिहायचे ते अपवाद, आणि कथा राहते ती या अपवादांतच. अँड्र्यू प्लॉटकिनच्या ‘स्पायडर अँड वेब’मध्ये (१९९८) खेळाडू एका कैद्याची जबानी जगत असतो, जबानी पटली नाही की चौकशी करणारा अधिकारी त्याला अडवतो आणि घडलेले पुन्हा सांगायला लावतो, त्यामुळे खेळातील हरणे हीच कथेतील थाप ठरते. एमिली शॉर्टच्या ‘काउंटरफीट मंकी’मध्ये (२०१२) एक यंत्र वस्तूच्या नावातले एक अक्षर वगळते आणि वस्तूच पालटते. हे दृश्य रंगवायला बसणाऱ्या चित्रकाराला शब्दकोशातील प्रत्येक शक्यतेचे चित्र काढून ठेवावे लागेल. शॉर्टने ते एकटीने, लिहून केले.

एकटीने, या शब्दाशीच माझे भांडण सुरू होते. इंजिन फुकट मिळते हे खरे, परंतु त्यात काही बघण्याजोगे उभे करायचे तर चित्रकार, हालचालकार, ध्वनिकार यांचा लवाजमा लागतो, किंवा दुकानातून विकत घेतलेली तीच ती झाडे आणि तेच ते सैनिक. शिवाय जमीन कोणाची? सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीच्या मालकांनी फर्मान काढले, की उत्पन्नाची व प्रसाराची ठराविक मर्यादा ओलांडलेल्या खेळाच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे जकात द्यावी लागेल. ओरड झाली, दर बदलले, प्रमुख अधिकारी पायउतार झाले आणि वर्षभराने फर्मान मागे घेतले गेले. पण वर्षानुवर्षे कसलेल्या शेतात आपण मिरासदार नसून उपरी कुळे आहोत, हे त्या एका महिन्यात हजारो कलावंतांना कळून चुकले. उलट १९८० च्या दशकातील इन्फोकॉमच्या कथा झेड-मशीनच्या आजच्या अवतारांवर, अगदी मोबाइलवरही, अक्षर न गळता चालतात, आणि इन्फॉर्मची संपूर्ण संहिता २०२२ साली सर्वांना खुली झाली आहे. २०२० अखेर फ्लॅश बंद पडले तेव्हा त्यावरचे किती खेळ मुके झाले, हे इंजिनांच्या भाटांनी आठवून पाहावे.

खेळाडूने टंकलेली आज्ञा वाचणाऱ्या पार्सरला आपले म्हणणे समजत नाही, तो पुन्हा पुन्हा ‘कळले नाही’ म्हणतो, हा आक्षेप मी ऐकलेला आहे. तो बहुधा अशांकडून येतो, ज्यांनी एखाद्या इंजिनातील बंद दारापुढे बटणे दाबत अर्धा तास काढलेला असतो आणि त्याला आव्हान म्हटलेले असते.

आपल्याकडील प्रश्न याहून गंभीर आहे. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन भाषांच्या अभिमान्यांनी इन्फॉर्मला आपापले व्याकरण शिकवले. मराठीचे शिकवायचे तर अडचणी अशा: ‘पेटीतला दिवा काढ’ या आज्ञेत क्रियापद शेवटी येते, पेटीला विभक्ती चिकटते, आणि दिव्याला हात लावताच त्याचे सामान्यरूप होते. उत्तरातही कपाट उघडले, पेटी उघडली, दरवाजा उघडला असा तीन लिंगांचा हिशेब ठेवावा लागतो. हे कठीण असेल, पण अज्ञात नाही: मोरो केशव दामले यांनी यांपैकी बहुतेक नियम १९११ सालीच ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त नोंदवून ठेवले आहेत, आणि १९९९ साली आलेले ग्लल्क्स हे कल्पित यंत्र आता देवनागरी अक्षरेही चालवते. पुण्या-मुंबईत आणि परदेशात संगणकाच्या चाकरीत असलेल्या मराठी मंडळींनी आणखी एक ओला दगड रंगवण्याआधी दामल्यांचा ग्रंथ शेजारी घेऊन इन्फॉर्मच्या संहितेपुढे बसावे, एवढी माझी त्यांना विनंती आहे.