मानापमानातले तीन धैर्यधर

पिंक फ्लॉइडचे चाहते बॅरेटचा संच सरस की गिल्मरचा, यावर भांडतात. कर्जत-खालापुरातले आमचे जुने नाट्यसंगीतवेडे ‘संगीत मानापमान’वरून भांडत. बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर कोणाचा? १९११मध्ये नानासाहेब जोगळेकर. पुढे गंधर्व मंडळीत खुद्द चाली बांधणारे गोविंदराव टेंबे. तरी कौल मिळे तो टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ला झालेल्या संयुक्त प्रयोगातल्या केशवराव भोसल्यांना. मला तो पुरता पटत नाही. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही. केशवराव ४ ऑक्टोबरला गेले, आणि हळहळही गुणांत मिसळली. शिवाय नाटकात दोघांचा तंटाच. दोन कंपन्यांची चुरस तिथे आयतीच कामी आली. टेंब्यांना मात्र स्वतःच्याच चाली प्रयोगागणिक गाऊन निभवायच्या होत्या.